विश्वास पानिपतात गेला?

‘विश्वास तर पानिपतच्या लढाईतच गेला’ हे वाक्य ज्याच्या कानावरून गेलेले नाही असा मराठी माणूस विरळा. उसने मागणाऱ्याला, कंत्राटदाराला, प्रसंगी घरच्या चिरंजीवांनाही ते ऐकवले जाते. श्लेष सोपा आहे. नानासाहेब पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर गोळी लागून पडले आणि माणसाने माणसावर ठेवावयाचा विश्वासही त्यांच्याबरोबरच संपला, असा त्याचा भाव. ‘पानिपत होणे’ हा प्रयोग तर आता निवडणुकीच्या बातम्यांतही रुळला आहे. ‘संक्रांत कोसळणे’ याचाही संबंध पुष्कळजण त्याच दिवसाशी जोडतात. एका पराभवाने भाषेला इतके दिले. परंतु त्या पराभवानंतरच्या आठवड्यांत जी माणसे आपल्या लोकांशी माणुसकीने वागली, त्यांच्या नावाचा एकही वाक्प्रचार मराठीत नाही. ही उणीव मला गेली कित्येक वर्षे बोचत आली आहे.

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन काला अंबला जावे लागते. दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत आणि शहराबाहेर थोड्या अंतरावर हे स्मारक. रणातल्या रक्ताने तिथले आंब्याचे झाड काळे पडले, म्हणून ‘काला अंब’, अशी आख्यायिका. झाड कधीच नाहीसे झाले. आता एक विटांचा स्तंभ आणि बाग आहे. दर वर्षी १४ जानेवारीला तेथे लोक जमतात. करनाल, कुरुक्षेत्र, कैथल या भागांतील रोड समाज आपली मुळे त्या लढाईतून मागे राहिलेल्या मराठ्यांत शोधतो व मोठ्या संख्येने येतो. भाषणे होतात ती शौर्याची, आणि ती व्हावयासच हवीत. पाहुण्यांचे प्रश्न मात्र ठरलेले असतात : भाऊंनी हत्ती का सोडला, मल्हारराव का निघून गेले, दोष कोणाचा. दुसऱ्या दिवशी काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

दुसऱ्या दिवशीची हकीकत आपणास ज्याच्यामुळे कळते तो काशिराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण, परंतु नोकरीला अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्याकडे, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. त्याने सुमारे वीस वर्षांनी, १७८० मध्ये, आपला वृत्तांत फारसीत लिहिला. विश्वासरावांचा देह अब्दालीच्या छावणीत आणला गेला तेव्हा त्यात पेंढा भरून तो विजयचिन्ह म्हणून काबूलला न्यावा, अशी अफगाण सैनिकांची मागणी होती. शुजाने मध्ये पडून अब्दालीला समजावले की वैर जिवंतपणापुरते असते, मेलेल्याचा अंत्यविधी त्याच्या धर्माप्रमाणे होऊ देणे ही हिंदुस्थानातील रीत आहे. अखेर देह मिळाला व दहन झाले. भाऊसाहेबांचा शिर नसलेला देह प्रेतांच्या राशींतून शोधावा लागला. मुजफ्फरखानाच्या मारेकऱ्याने पूर्वी पाठीत केलेल्या वाराचा व्रण आणि अंगावरच्या अन्य खुणा यांवरून ओळख पटली. ओळख पटवणाऱ्यांत स्वतः काशिराज होता. शुजाच्या पदरचे अनूपगीर गोसावी यांचेही या कामी साहाय्य झाले. शुजाच्या तळावर आसऱ्याला आलेल्या काही हजार मराठ्यांना त्याने वाटखर्च व सोबत देऊन सूरजमल जाटाच्या मुलखापर्यंत पोहोचवले.

शुजाचे उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. त्याने अब्दालीचा पक्ष स्वीकारला नसता तर कदाचित लढाईचा रंगच वेगळा दिसता. शिवाय त्याच्या दयेलाही मर्यादा होती. जखमी इब्राहिमखान गारदी त्याच्या तळावर लपवून ठेवलेला होता. अब्दालीला सुगावा लागला, दडपण आले आणि इब्राहिमखानाला स्वाधीन करावे लागले. तो जिवंत राहिला नाही. जनकोजी शिंद्यांची कथा याहून विदारक आहे. बर्खुरदारखान नावाच्या सरदाराकडे ते कैदेत होते आणि सात लाखांच्या खंडणीवर सुटकेचे बोलणे चालू होते. नजीबखानाला ते समजले, तेव्हा बिंग फुटू नये म्हणून जनकोजींनाच मारून टाकण्यात आले. दया, व्यवहार आणि भीती ही तिन्ही एकाच तंबूत नांदत होती. पानिपत शहरात आश्रयाला शिरलेल्यांची जी कत्तल झाली व बायकामुलांना गुलाम म्हणून जे वाटून घेतले गेले, ते तर याच दिवसांतले. चांगुलपणाविषयी लिहिताना हे सांगितलेच पाहिजे. नाहीतर लेख गोड होईल, खरा होणार नाही.

दक्षिणेकडे निघालेल्यांची वाट कशी होती याची कल्पना उत्तरेत एक जानेवारी काढलेल्या वाचकांना सहज येईल. अंगावरचे कपडे लुटले गेलेले, पायी, अनवाणी, दाट धुके. वाटेवरच्या खेड्यांतील लोकांनी पळणाऱ्यांना लुटले हे खरे आहे. मात्र याच खेड्यांवरून गेली कित्येक वर्षे फौजा गेलेल्या होत्या, त्यांत आपल्याही होत्या, हेही तितकेच खरे आहे. नाना फडणीस तेव्हा विशीच्या आतले होते. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी या पलायनाचे जे वर्णन केले आहे त्यात लुटारूही भेटतात आणि खाऊ घालणारे अनोळखीही. पुढे जो माणूस पुणे दरबारचा कारभार पंचवीस वर्षे सांभाळणार होता, तो त्या दिवसांत अनोळखी हातच्या अन्नावर जगला.

आता भरतपूर. सूरजमल जाटाला मराठ्यांविषयी प्रेम वाटावे असे काहीही घडलेले नव्हते. १७५४ मध्ये रघुनाथराव व मल्हारराव होळकर यांनी त्याच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर त्याच वेढ्यात मारले गेले. १७६० मध्ये तो भाऊसाहेबांबरोबर आला तेव्हा त्याने स्पष्ट सल्ला दिला होता की बायकामुले, जड तोफा आणि बुणगे मागे सुरक्षित जागी ठेवा, हवे तर माझ्या एखाद्या किल्ल्यात ठेवा, आणि सड्या फौजेनिशी गनिमी पद्धतीने लढा. सल्ला मानला गेला नाही. दिल्ली हाती आल्यावर मतभेद वाढले आणि तो आपल्या मुलखात निघून गेला.

पाच महिन्यांनी तीच माणसे त्याच्या दाराशी आली. ज्यांना आधी सांभाळतो म्हणाला होता तीच, फक्त उरलेली, उपाशी व जखमी. ‘मी सांगत होतो’ असे म्हणण्याचा हक्क इतिहासात फार थोड्यांना इतका निर्विवादपणे मिळाला असेल. त्याने आणि राणी किशोरीने डीग, कुंभेर, भरतपूर या ठिकाणी अन्नछत्रे व औषधोपचार चालू केले. जाताना प्रत्येकाला रोख रक्कम, वस्त्र आणि शिधा दिला आणि ग्वाल्हेरपर्यंत, म्हणजे मराठ्यांच्या हद्दीपर्यंत, पोहोचते केले. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेर बहादूर जखमी अवस्थेत त्याच्याच आश्रयाला आले. उपचार झाले, पण ते वाचले नाहीत. या साऱ्यावर दहा लाख रुपये खर्च झाले, असा आकडा इतिहासग्रंथांत येतो. आश्रितांच्या संख्येविषयी मात्र बखरी व ग्रंथ यांचा मेळ बसत नाही. मदतछावण्यांच्या फायली ज्याने हाताळल्या आहेत त्याला याचे नवल वाटणार नाही. आजही पहिल्या आठवड्याचा आकडा आणि अंतिम अहवालाचा आकडा क्वचितच जुळतो.

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला येथे एक सवय आडवी येते. प्रत्येक कृतीमागे लाभ शोधण्याची. इतिहासकारांनीही तो शोधला आहे. अब्दाली आज ना उद्या परत जाणार, मराठे मात्र कधीतरी पुन्हा उत्तरेत येणार. तेव्हा त्यांना उपकारात ठेवणे हा दूरदर्शी हिशोब होता, असे म्हणता येते. सूरजमल चतुर राज्यकर्ता होताच. अब्दाली परतल्यावर जून १७६१ मध्ये त्याने आग्र्याचा किल्ला घेतला. पण हा हिशोब मला पुरेसा वाटत नाही. लाभच पाहावयाचा तर हद्दीतून वाट देणे पुरेसे होते. आश्रित अद्याप येत होते तेव्हा अब्दाली दिल्लीत होता आणि मार्चपर्यंत तेथेच राहिला. चारच वर्षांपूर्वी, १७५७ मध्ये, त्याच्या फौजेने बल्लभगड, मथुरा, वृंदावन येथे काय केले होते ते जाटांनी डोळ्यांनी पाहिले होते. शत्रूच्या पळपुट्यांना जेवू घालणे म्हणजे तीच फौज पुन्हा आपल्या अंगावर ओढवून घेण्याचा धोका. एवढा धोका केवळ भविष्यातील अनिश्चित मैत्रीसाठी कोणी पत्करत नाही. आणि पत्करला असला तरी ज्याच्या अंगावर त्या थंडीत पांघरूण पडले त्याच्या लेखी फरक काय पडतो?

प्रशासनात चांगुलपणाविषयी बोलणे थोडे अप्रशस्त मानले जाते. तो खाजगी गुण, नियमावलीत त्याला कलम नाही. भरतपूरची हकीकत मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. तेथे चांगुलपणा ही नुसती भावना नव्हती. धान्यकोठार उघडण्याचा हुकूम, वैद्यांची नेमणूक, कापडाची खरेदी आणि सोबतीचे स्वार असे त्याचे रूप होते. सर्वांत कठीण भाग शेवटचा. छावणी उघडणे सोपे असते, कारण तेव्हा सर्वांचे लक्ष असते. आश्रितांना सुखरूप पुढे पाठवणे हे पाहण्यास कोणी नसताना करावयाचे काम आहे. वाटेचा शिधा आणि ग्वाल्हेरपर्यंतची सोबत ज्याने ठरवली, त्याला मदतकार्य म्हणजे काय ते कळत होते.

आपण याची परतफेड काय केली? सूरजमल डिसेंबर १७६३ मध्ये नजीबखानाशी लढताना मारला गेला. त्याचा पुत्र जवाहरसिंग सूड घेण्यासाठी दिल्लीला वेढा घालून बसला, तेव्हा मोबदला घेऊन त्याच्या मदतीला गेलेल्या मल्हाररावांनी आतून नजीबाला सांभाळून घेतले. १७७० मध्ये मराठी फौजांनी जाटांवर स्वारी करून त्यांचा पराभव केला. राजकारण असेच चालते, हे मान्य. पण त्या फौजांत, ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी भरतपूरचे अन्न खाल्ले होते असे काहीजण असलेच पाहिजेत, आणि त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर डिसेंबर २०१९ ची आठवण करून देतो. पानिपतावरील एका हिंदी चित्रपटात सूरजमल हा मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागणारा सौदागर दाखवला गेला. राजस्थानात निदर्शने झाली, चित्रपटगृहांत खेळ बंद पडले आणि निर्मात्यांना काही भाग कापावा लागला. निदर्शनांच्या पद्धतीचे समर्थन मी करणार नाही. पण दिग्दर्शक मराठी, विषय मराठ्यांचा, आणि ज्याने आपल्या माणसांना सांभाळले त्याच्याविषयी असा प्रसंग लिहिताना कोणाचा हात अडला नाही, याचे मला वाईट वाटले. त्या काळी दिल्लीतील जाट सहकाऱ्यांशी जेवणाच्या सुट्टीत बोलताना मला त्यांची बाजू समजावून घ्यावी लागली नाही. ती आधीपासूनच माहीत होती. अडचण ही होती की आपली बाजू मांडावयास काही नव्हते.

पानिपतावर महाराष्ट्राच्या वतीने भव्य स्मारक उभारण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. ते व्हावे. त्याच्या आराखड्यात एक भिंत आश्रय देणाऱ्यांसाठी राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. सूरजमल आणि किशोरी राणी यांची नावे तर त्यावर असावीतच. विश्वासरावांना अग्नी मिळावा म्हणून शब्द खर्ची घालणारा शुजा, प्रेतांच्या राशीत व्रण शोधत फिरलेला काशिराज, आणि वेढ्याच्या दिवसांत मराठ्यांना रसद पुरवणारा पतियाळाचा आलासिंग, हेही असावेत. ज्या अनामिकांनी पळणाऱ्यांना भाकरी दिली त्यांच्यासाठी एक ओळ मोकळी सोडावी.

स्मारकाला वेळ लागेल. तोवर बृहन्महाराष्ट्रातील आपण मंडळींनी एवढे करावे की १४ जानेवारीला काला अंबला जाणाऱ्या बसचा कार्यक्रम दोन दिवसांचा आखावा आणि दुसऱ्या दिवशी ती डीग-भरतपूरकडे न्यावी. कोट्यावरून मुंबईला जाणाऱ्या गाड्या मथुरा सोडल्यावर भरतपूरवरूनच जातात. वर्षातून दोनदा आपण त्या फलाटासमोरून जातो.