करून पाहू : स्प्रिंग किती दबली पाहिजे?

वसमतहून एक पत्र आलंय. लिहिणारा दहावीत आहे. त्याचा मोठा भाऊ वेल्डिंगची कामं करतो. दोघांनी मिळून पाइपांची चौकट, जुन्या मोटारसायकलचं इंजिन आणि चार चाकं जमवून दोन माणसांची छोटी गाडी उभी केलीय. आता घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. "चारी चाकांना कॉइलओव्हर बसवायचेत. दुकानदार म्हणतो कडक घ्या, भाऊ म्हणतो मऊ बरे. पैसे एकदाच खर्च करता येतील. काय घेऊ?"

प्रश्न झकास आहे. आणि पत्रात त्यानं चारी चाकांवरची वजनंही कळवलीत, हे मला फार आवडलं. हळदीची पोती तोलायच्या काट्यावर एकेक चाक ठेवलं, बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या सरकवल्या आणि दोघं भाऊ आत बसले. पुढच्या प्रत्येक चाकावर ९० किलो, मागच्या प्रत्येकावर ११०.

कॉइलओव्हर या नावाला बिचकू नका. मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी दोन्ही बाजूंना शॉकअप असतो ना, मधे तेलाची नळी आणि तिच्याभोवती स्प्रिंग? तोच कॉइलओव्हर. मोटारीसाठीच्या महागड्या जोडीत नळीला बाहेरून आटे असतात आणि त्यांवर फिरणारी चकती असते, इतकंच. स्प्रिंग वजन तोलते, तेलाची नळी स्प्रिंगचं नाचणं थांबवते.

अशा घरी जोडायच्या गाड्यांचा इतिहासही गमतीदार आहे. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची चिमुकली गाडी काढली. तयार गाडीवर तिथे जादा कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मग काय, लोक भाग आणून घरीच गाडी जोडायला लागले! आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीनं २००० नंतरच्या दशकात त्याच ठेवणीची उघडी रोडस्टर बनवली होती.

आता कामाला लागू. एक दोरा घ्या, टोकाला खडा बांधा आणि खड्याच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी ठेवून हलकेच झोका द्या. दहा सेकंदांत दहा झोके होतील (जाऊन परत आला की एक झोका, बरं का). दोरा ११ सेंटिमीटर केलात तर दहा सेकंदांत पंधरा. आणि ६ सेंटिमीटरला जरा जास्त ठेवलात तर वीस.

याचा गाडीशी काय संबंध? फार जवळचा! गाडीच्या वजनानं चाकापाशी स्प्रिंग जितकी दबते, तितक्याच लांबीच्या दोऱ्याच्या तालावर ती गाडी वरखाली होते. वजन ७० किलो असो की ७०० किलो, ताल ठरतो तो दबण्यावरून. स्प्रिंग ११ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला दीड वेळा डुलणार. म्हणजे कडक की मऊ हा वाद दुकानात घालायचाच नाही. आधी दोरा हलवायचा आणि आपल्याला कोणता ताल हवा ते ठरवायचं.

सेकंदाला एक झोका म्हणजे आरामशीर मोटार. दोन म्हणजे जरा ताठ. त्याच्या पुढे गेलात तर धक्का थेट पाठीत. मग एकच का नको? कारण आपले रस्ते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या डांबराला लांब लांब लाटा येतात. समजा, दोन लाटांमध्ये दहा मीटर अंतर आहे आणि तुम्ही ताशी ३६ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला दहा मीटर जाताय. मग सेकंदाला एक लाट! रस्त्याचा ताल आणि गाडीचा ताल जुळला की गाडी झोपाळ्यासारखी चढत जाते. स्प्रिंग बदलली तर ताल दुसऱ्या वेगाला जुळतो, पण कुठे तरी जुळतोच. तिथे तेलाची नळी धावून येते. म्हणून गळका शॉकअप मला सगळ्यात वाईट वाटतो. स्प्रिंग चुकली तर पाठ दुखेल, तेल गेलं तर चाक रस्ता सोडेल.

आता वसमतच्या गाडीचा हिशेब. चाक, डिस्क, दांड्यांचा काही भाग यांचं वजन स्प्रिंगवर येत नाही. त्यासाठी २० किलो वजा करू. उरले पुढे ७०, मागे ९०. दीडचा ताल घेतला तर पुढे ११ सेंटिमीटर दाब लागतो. ७० भागिले ११ म्हणजे दर सेंटिमीटरला साधारण ६.४ किलो.

थांबा, एवढ्यावर दुकानात जाऊ नका. स्प्रिंग चाकावर नाही, चाकाच्या दांडीवर आहे. पत्रातल्या चित्रात ती बिजागरीपासून दांडीच्या दोन तृतीयांश अंतरावर दिसते. तरफेचा नियम आठवा : स्प्रिंगवर दीडपट वजन येतं, पण ती दोन तृतीयांशच दबते. दोन्ही मिळून स्प्रिंग सव्वादोनपट कडक हवी, म्हणजे १४.४ किलो. बरेच जण इथे दीडपट धरून गप्प बसतात.

अजून एक अडचण आहे. चाक ११ सेंटिमीटर दबलं की स्प्रिंग सात दबली, आणि खड्ड्यासाठी वर आणखी चार तरी हवेत. साध्या मोटारसायकलचा शॉकअप इतका आत जात नाही, तो खटकन टेकेल. म्हणून माझं मत : लांब शॉकअप परवडत नसतील तर दोनचा ताल घ्या. चाक ६.२ सेंटिमीटर दबेल, स्प्रिंग चार. कडकपणा पुढे साधारण २५ किलो दर सेंटिमीटरला. मागे थोडा जास्त, चाकापाशी साडेपाच सेंटिमीटर दाब धरून ३७. मागचा ताल पुढच्यापेक्षा किंचित जलद का? गतिरोधकावर पुढचं चाक आधी उडतं, मागच्याला उशिरा निघून त्याला गाठायचं असतं. मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरनं १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांवर प्रयोग करून हे दाखवलं.

म्हणजे या वेळी दुकानदार बरोबर, पण भावाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. कारण २५ च्या जागी ५० घेतली तर गाडी बैलगाडी होईल.

आट्यांची चकती फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं कुणी सांगेल. ऐकू नका. साध्या स्प्रिंगमध्ये त्यानं गाडीची उंची बदलते, कडकपणा नाही. कडकपणा बदलायचा तर तार बदला : तार दुप्पट जाड झाली तर कडकपणा सोळापट! वेढे निम्मे केले तर दुप्पट. बॉलपेनची स्प्रिंग मधोमध कापून दाबून बघा. गाडी खाली बसवायला काही जण स्प्रिंग कापतात, त्यांची गाडी का दणके देते ते बोटांना कळेल. मात्र शॉकअप घरी खोलायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

आणि ही गाडी शेतातच चालवायची, हेल्मेट घालून, मोठं माणूस सोबत असताना. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, ती २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली.

दोऱ्याचा खडा अजून हातात आहे ना? मग वरचं टोक भराभर हलवा. खडा जवळजवळ जागचा हलत नाही. हीच युक्ती हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला वापरायची आहे. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली, तेव्हा तिथले ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार दोलकांच्या तळाशी, काचेच्या बारीक धाग्यांवर टांगलेले होते. वरखाली हादरे अडवायला पोलादी पात्यांच्या स्प्रिंगा होत्या, जीपच्या कमानी पाट्यांच्या दूरच्या बहिणी.