व्यवहारबोध : पडद्यावरची रेघ आणि हातातला कागद

ज्या घराण्यात आजोबांच्या आजोबांनी वाचता न येणाऱ्या करारपत्रावर अंगठा उठविला, त्याच घराण्यातील नात आज संगणकाच्या खोक्यातील हमीपत्र न वाचताच बाजूस टाकते, हा काळाचा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे. एकास अक्षरओळख नव्हती. दुसरीस सवड नसते. परिणाम मात्र पुष्कळदा एकच होतो.

1834 साली ‘ॲटलास’ जहाजातून मॉरिशसला गेलेल्या 36 मजुरांचा करार पाच वर्षांचा होता आणि पुरुषाचे वेतन दरमहा पाच रुपये ठरले होते. पुढे कोकणातून मुंबई बंदरमार्गे मराठी माणसे गेली, तीही अशाच कागदावर अंगठा उठवून. इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’चे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. कागदातील अटींचा खरा अर्थ अनेकांस मळ्यावर पोहोचल्यावरच उमगला. आणि तक्रार करावी तर ती ऐकणार कोण, हा प्रश्न होताच. ‘मिळाले ते गोड मानावे’ ही वृत्ती तेथून अंगवळणी पडली.

मॉरिशसहून न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मुलगी महाविद्यालयात जाणार म्हणून वडिलांनी काटकसर करून नवा लॅपटॉप घेतला. तिसऱ्या दिवशी पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ उमटली. आई म्हणाली, “चालतो आहे ना? मग कशाला दुकानदाराशी वाद?” वडीलही गप्प राहिले. कोपऱ्यात बसलेल्या आजोबांनी मात्र एवढेच विचारले, “बाळ, पावती कुठे आहे?”

पावती सापडली. परत करण्याची मुदत 14 दिवसांची होती. अमेरिकेत केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन दुकानांवर घालणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. मुदत दुकानाच्या नियमांवर असते, आणि ती दुकानागणिक निराळी असते. म्हणून पहिले काम दिवस मोजण्याचे.

दुसरे काम दोषाची परीक्षा. लॅपटॉपला तारेने दुसरा पडदा जोडावा. रेघ त्यावर न दिसल्यास दोष बहुधा मूळ पडद्यात किंवा त्याच्या जोडपट्टीत असतो. यंत्र सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वीच रेघ दिसली, तर दोष प्रणालीचा नव्हे. झाकण हळूच मागेपुढे करताना रेघ हलली किंवा नाहीशी झाली, तर जोडपट्टीचा संशय बळावतो. हे सारे छायाचित्रांसह तारीखवार टिपून ठेवावे. स्वतः स्क्रू काढण्याच्या फंदात मात्र पडू नये.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. 1920 गुणिले 1080 अशा पडद्यावर 20,73,600 ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन उपठिपके. 2001 सालच्या एका आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या श्रेणीत दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायमचे काळे ठिपके क्षम्य मानले होते. ते मानक 2008 मध्ये मागे पडले, तरी अशा मर्यादा उत्पादकांच्या हमीपत्रांत आजही आढळतात. एखाद्या ठिपक्याबद्दल भांडण्यापूर्वी हमीपत्र वाचावे ते यासाठी. पूर्ण रेघ ही मात्र ठिपक्याची क्षम्य चूक नव्हे.

तिसरे काम हक्क जाणून घेण्याचे. लुईझियाना वगळता सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या विक्रीविषयक संहितेनुसार व्यापाऱ्याने विकलेली वस्तू तिच्या सामान्य उपयोगास योग्य असली पाहिजे. हीच गर्भित हमी. 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यान्वये ग्राहकास लेखी हमी देणाऱ्याला ही गर्भित हमी साफ नाकारता येत नाही. शिवाय 15 डॉलरहून अधिक किमतीच्या वस्तूची लेखी हमी खरेदीपूर्वी पाहावयास मिळाली पाहिजे, असा नियम आहे. मळ्यावरच्या मजुराला हा हक्क नव्हता.

कागद जपणाऱ्याचे हित कसे होते, याचा दाखला 2019 सालचा आहे. ॲपलच्या 2016 च्या 13 इंची मॅकबुक प्रोमध्ये पडद्याच्या तळाशी रंगमंचावरील दिव्यांसारखे झोत दिसू लागत आणि पुढे प्रकाशच जाई. झाकणाच्या उघडझापीने एक नाजूक जोडपट्टी झिजत असल्याचे आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संस्थेने दाखविले. सहा डॉलरच्या पट्टीपायी सहाशे डॉलरचा खर्च येतो, असा तिचा आक्षेप होता. कारण पट्टी पडद्याशी एकजीव असल्याने सारा पडदाच बदलावा लागे. 2018 च्या यंत्रात पट्टी दोन मिलिमीटर लांब केलेली आढळली. ग्राहकांचा आवाज वाढला आणि मे 2019 मध्ये कंपनीने त्या 13 इंची यंत्रांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. पूर्वी पदरचे पैसे भरलेल्यांना परतावा मागण्याचीही सोय ठेविली. दोष पट्टीत होता. पण तो मान्य झाला तो बोलणाऱ्यांमुळे.

त्या कुटुंबातील मुलगी नवव्या दिवशी आजोबांसह दुकानात गेली. तिने आवाज चढविला नाही. पावती, छायाचित्रे आणि हमीपत्रातील कलम पुढे ठेवले. व्यवस्थापकाने वाचले आणि नवे यंत्र दिले. परतीच्या वाटेवर आजोबा फारसे बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कपाटातील पत्र्याची पेटी उघडली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील दफ्तरातून मिळविलेली पूर्वजाची नोंद तीत होती : नाव, जहाज, क्रमांक. नव्या यंत्राची पावती त्यांनी तिच्याशेजारी ठेविली.

“त्यांना वाचता येत नव्हते,” ते नातीस म्हणाले, “तू वाचून पाहत जा.”