क्वार्टर सोडण्याची तयारी कागदांपासून करा

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मालक कधी घर रिकामे करायला सांगेल याचा नेम नसतो. बदलीच्या नोकरीत हुकूम कधी हाती पडेल हेही सांगता येत नाही. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या टाउनशिपची गोष्ट वेगळी आहे. पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि कारखान्याभोवती सेक्टरांची वस्ती उभी राहिली. इथले क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. ज्या महिन्यात वयाची साठ वर्षे पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. ही तारीख रुजू होण्याच्या दिवशीच ठरलेली असते. तरीही घर सोडण्याची तयारी बहुधा निरोपसमारंभानंतर, खोकी आणि सुतळी आणून सुरू होते. माझे म्हणणे असे की ही तयारी निदान दोन वर्षे आधी सुरू व्हावी आणि तिची सुरुवात सामानाऐवजी कागदांपासून व्हावी.

उशिराची किंमत पैशात मोजावी लागते. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत हाती पडावी, अशी तरतूद १९७२ च्या कायद्याने केली. पण क्वार्टर आणि निवृत्तीचा पैसा यांची गाठ पक्की आहे. हा कारखाना चालवणाऱ्या सेलच्याच एका प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुदत संपल्यावर घर ताब्यात ठेवले तर दंडात्मक भाडे ओघानेच येते आणि ते कर्मचाऱ्याच्या देय रकमांतून वळते करता येते. आयुष्यभराच्या कमाईतला मोठा वाटा अशा भाड्यात झिजू लागला, तर नव्या घराची रंगरंगोटी राहू द्या, बँकेचा हप्ताही अडतो. घर वेळेवर सोडता न येण्याची कारणे अनेक असतात, बिल्डरचा उशीर हे त्यातले एक. पण ज्या कारणांवर आपला ताबा आहे, ती तरी शेवटच्या महिन्यापर्यंत रेंगाळू देऊ नयेत.

कागद आधी का, याचे उत्तर इथल्या मराठी कुटुंबांच्या परिस्थितीतच आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे. हिंदी मुलखातल्या कचेरीत मधले नाव कधी गळते, कधी आद्याक्षर होऊन उरते. त्यामुळे सर्व्हिस रेकॉर्डवर एक नाव, बँकेत दुसरे आणि आधारवर तिसरे अशी गत होते. बायकांच्या बाबतीत तर लग्नानंतर आडनावासोबत काही घरांत पहिले नावही बदललेले असते, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नॉमिनीपुढे नेमके कोणते लिहिले आहे, हे त्यांना स्वतःला ठाऊक नसते. शिवाय १ नोव्हेंबर २००० पूर्वी भिलाई मध्य प्रदेशात होती. त्याआधी जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले आणि त्याआधीच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्या राज्याच्या नावाच्या, तेव्हाच्या पदव्या बहुतेक रायपूरच्या रविशंकर विद्यापीठाच्या. हरवलेल्या कागदाची दुसरी प्रत भिलाईत राहून मिळवणे आणि निवृत्तीनंतर पुण्याहून त्यासाठी परत येणे, यात फार फरक आहे.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. दोन वर्षे आधी सगळी कागदपत्रे एकदा समोर मांडून नावे आणि जन्मतारखा जुळवाव्यात. चूक असेल तर ती कर्मचारी असतानाच दुरुस्त करून घ्यावी, कारण तेव्हा संबंधित विभाग आपल्या रोजच्या वाटेवर असतो. वर्षभर आधी नव्या घराचे मोजमाप हाती घेऊन ठरवावे की कोणते कपाट आणि कोणता पलंग तिथे मावेल. जे मावणार नाही, ते तेव्हाच देऊन टाकावे. शेवटच्या दोन महिन्यांत पत्त्याची कामे करावीत. दुसऱ्या गावी जाणाऱ्याने गॅसची टाकी व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यावी आणि मतदारयादीसाठी आठ क्रमांकाचा अर्ज भरावा. सीजी-०७ ची गाडी महाराष्ट्रात कायमची न्यायची असेल, तर दुर्गच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र गाव सोडण्याआधीच घ्यावे, कारण बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तिथली नोंदणी करावी लागते. ही यादी नवरा-बायको दोघांनाही तोंडपाठ हवी. सामानाची सगळी बांधाबांध बाईच्या माथी आणि कागदांची सगळी माहिती पुरुषाच्या डोक्यात, ही वाटणी धोक्याची आहे. त्या एका माणसाला काही झाले तर उरलेल्याला फाइल कोणत्या पेटीत आहे, इथपासून शोध सुरू करावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, पॅकर्स अँड मूव्हर्स असताना एवढा खटाटोप कशाला? ते सामान उचलतात. काय ठेवायचे याचा निर्णय घेत नाहीत, आणि ट्रकचे भाडे अनावश्यक वस्तूंवरही तेवढेच पडते. दुसरा आक्षेप असा की आता सारे ऑनलाइन झाले आहे. हे काही अंशी खरे आहे. जानेवारी २०२५ पासून कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस) पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेत घेता येते, ही मोठीच सोय झाली. पण संगणक नावातले एक अक्षर इकडचे तिकडे सोसत नाही. जुना कारकून माणूस ओळखून कागद पुढे सरकवत असे. पोर्टल अर्ज परत पाठवते. ऑनलाइन व्यवहाराने कागदांच्या शिस्तीची गरज वाढवली आहे. तिसरा आक्षेप मनाचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पस्तीस वर्षांचा संसार यादी करून कसा आवरायचा? जिथे मुले वाढली, ज्या अंगणात आंबा लावला, त्या घराला हिशेबाच्या नजरेने पाहणे जड जाते. पण घाईत घेतलेले निर्णयच नंतर अधिक सलतात. आईचे पितळी डबे कोणाकडे द्यायचे हे वर्षभर आधी ठरले, तर ते भाच्याच्या घरी वापरात राहतात. ट्रक दारात उभा असताना ठरले, तर भंगारात जातात.

हा भार एकट्या कुटुंबावर टाकूनही चालणार नाही. कोणता कर्मचारी केव्हा निवृत्त होणार, हे कारखान्याला आधीच ठाऊक असते. त्या बळावर दोन वर्षे आधी प्रत्येकाला पती-पत्नीसह बोलावून रेकॉर्डवरील नावे, नॉमिनी आणि क्वार्टरचे नियम समोर ठेवणे व्यवस्थापनाला अवघड नाही. भिलाईच्या महाराष्ट्र मंडळानेही गणेशोत्सवाइतक्याच हौसेने वर्षातून एक रविवार या कामासाठी ठेवावा. तिथे जुने निवृत्त नव्यांना सांगू शकतील की कोणता कागद कुठे अडतो. ज्यांनी आयुष्यभर पाळ्या सांभाळल्या आणि भट्टीच्या वेळा चुकवल्या नाहीत, त्या माणसांना नियोजन शिकवावे लागत नाही. तेच नियोजन त्यांनी निवृत्तीआधी स्वतःच्या घरासाठी वापरावे, एवढीच अपेक्षा आहे.