जुन्या वायफाय कार्डांसाठी ब्रॉडकॉमच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
ब्रॉडकॉम, कॅलिफोर्निया

विषय: जुन्या वायफाय कार्डांच्या फर्मवेअरचे पुनर्वितरण करण्यास परवानगी देण्याबाबत.

2003 नंतरच्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या असंख्य लॅपटॉपांत कंपनीच्या बीसीएम 4306, 4318, 4311 आणि 4312 या चिप्सवर बेतलेली वायफाय कार्डे होती. ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्ट्रीमपासून डेलच्या 1390 आणि 1395 या कार्डांपर्यंत पाट्या निरनिराळ्या असल्या, तरी आतला माल कंपनीचाच होता. त्यांतली बरीच कार्डे अजून धडधाकट आहेत आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्यात, त्यांच्यासाठी बी43 हा ड्रायव्हर 2008 मध्येच दाखल झाला आहे; तरीही नव्याने लिनक्स बसवलेल्या यंत्रावर ती मुकीच राहतात. याचे मूळ परवान्यात आहे आणि त्यावरचा उपाय मंडळाच्या हाती आहे.

ड्रायव्हर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो, तर फर्मवेअर हा कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरला लागणारा कार्यक्रम असून, आलेल्या संदेशाची पोच देण्यासारखी क्षणार्धात उरकायची कामे तो सांभाळतो. या कार्डांवर तो कायमचा साठवलेला नसतो, त्यामुळे यंत्र सुरू झाले की कार्यप्रणालीने तो प्रत्येक वेळी कार्डात भरावा लागतो. ती फाइल सापडली नाही, तर कर्नलच्या नोंदवहीत ‘बी43/यूकोड5.एफडब्ल्यू’ मिळाली नसल्याची एक ओळ उमटते आणि वापरणाऱ्यापुढे वायफायची रिकामी यादी येते. ही फाइल शंभर किलोबाइटांहूनही लहान आहे.

या चिप्सची तांत्रिक माहिती कंपनीने त्या काळी प्रसिद्ध केली नव्हती, म्हणून स्वयंसेवकांनी कामाची दोन गटांत विभागणी केली: एका गटाने कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून चिपचे वर्तन शब्दांत लिहून काढले, आणि तो ड्रायव्हर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कंपनीच्या वकिलांनाही खोट काढता येऊ नये इतक्या सोवळ्याने झालेले हे काम 2006 मध्ये कर्नलमध्ये प्रथम आले आणि पुढे बी43 व बी43लेगसी या दोन ड्रायव्हरांत विभागले गेले. जे काम कंपनीने करायचे, ते परक्यांनी बिनमोल केले, एवढे तरी मंडळाने मान्य करायला हरकत नसावी.

फर्मवेअरपाशी मात्र गाडी अडली. ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून घ्यावे लागते, त्यासाठी बी43-एफडब्ल्यूकटर हे साधन आहे, आणि कापलेली फाइल वाटण्याचा अधिकार कोणालाच नसल्याने ही कापाकापी प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर करायची असते. डेबियन या वितरणाने 2023 मधील बाराव्या आवृत्तीपासून मुक्त नसलेले फर्मवेअरही स्थापनेच्या डिस्कवर द्यायला सुरुवात केली, पण या चिप्सचे फर्मवेअर तिथेही येऊ शकले नाही. त्याऐवजी मूळ ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घेणारे एक पॅकेज तेवढे आहे. वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशी ही गत. जाणकार माणूस केबल जोडून किंवा मोबाइलचे इंटरनेट यूएसबीने घेऊन वाट काढतो. इतर जण कार्ड बिघडले असे समजून यंत्र अडगळीत टाकतात. तो मूळ ड्रायव्हर उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे दिला गेलेला पत्ताही कंपनीचा नव्हता. तो लॅरी फिंगर या स्वयंसेवकाच्या खासगी संकेतस्थळाचा होता, आणि फिंगर यांचे जून 2024 मध्ये निधन झाले.

कंपनीला हा विषय नवा नाही. सप्टेंबर 2010 मध्ये तिने बीसीएम 4313, 43224 आणि 43225 या तेव्हाच्या नव्या चिप्ससाठी मुक्त ड्रायव्हर जाहीर केला आणि त्यांचे फर्मवेअर पुनर्वितरणाच्या परवान्यासह दिले. ते आज लिनक्स-फर्मवेअर या सामाईक संग्रहात आहे. थोरल्या चिप्सना मात्र तो न्याय लागू झाला नाही. डब्ल्यूएल हा कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर त्यांतल्या काही चिप्सना चालतो, पण कर्नल बदलला की त्याला ठिगळ लावावे लागते. इटलीतील ब्रेशिया विद्यापीठात मुक्त फर्मवेअरही लिहिले गेले. ते मोजक्याच चिप्सना लागू पडते आणि सांकेतिकीकरणाचे काम त्याच्याकडून कार्डावर होत नाही.

रेडिओ लहरींच्या नियमनाचा आक्षेप येथे घेतला जाईल, कारण फर्मवेअरमध्ये फेरफार करून परवानगीबाहेरच्या वारंवारितेवर प्रक्षेपण करता येईल अशी भीती उत्पादक नेहमी व्यक्त करतात. परंतु येथे मूळ संहितेची मागणीच नाही. आहे त्या फाइलचा एक बाइटही न बदलता ती वाटू द्यावी, इतकेच म्हणणे आहे, आणि तीच फाइल आज जो तो आपल्या घरी कापून वापरतोच. दुसरी अडचण मालकीची निघू शकते: 2016 मध्ये अवॅगोने ब्रॉडकॉम विकत घेतली, त्याच वर्षी बिनतारी उपकरणांच्या व्यवसायाचा एक भाग सायप्रसकडे गेला आणि 2020 मध्ये सायप्रस इन्फिनिऑनकडे. हक्कांचा काही अंश त्या बाजूला गेला असल्यास मंडळाने इन्फिनिऑनची संमती मिळवून एकत्र निवेदन काढावे.

मागणी एवढीच, की ड्रायव्हरच्या 5.100.138 या आवृत्तीतून निघणारे फर्मवेअर, तसेच बी43लेगसीला लागणारे त्याआधीचे फर्मवेअर, 2010 च्याच परवान्याखाली लिनक्स-फर्मवेअरकडे सुपूर्द करावे. त्या संग्रहात ‘व्हेन्स’ नावाची एक साधी मजकूर फाइल असते, जिच्यात प्रत्येक फाइल कोठून आली आणि कोणत्या परवान्याखाली आहे याची नोंद होते; कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आलेल्या एका ईमेलच्या आधारे तिच्यात या फाइलींच्या नोंदी करता येतील.