रंगांची काटकसर

आमच्या चांदवडास अहल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. तेथील भिंतींवरील जुनीं चित्रें काढणाऱ्या चिताऱ्यापुढें प्रश्न असेल तो इतकाच, कीं किती रंगांनीं शोभा येईल. गणितज्ञाचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. कमींत कमी किती रंगांत काम भागेल, हें त्यास पाहिजे असतें. प्रश्न कंजूषपणाचा वाटेल. परंतु त्याच्या पोटीं ज्ञान कशास म्हणावें हा मोठा वाद दडलेला आहे, म्हणून या खेपेस तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

नकाशा रंगवितांना नियम एकच. ज्या दोन प्रदेशांची सीमा एक, त्यांस एक रंग द्यावयाचा नाहीं. नुसतें टोकास टोक लागलें तर तो शेजार धरावयाचा नाहीं. १८५२ सालीं फ्रान्सिस गथ्री नांवाच्या तरुणास इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवितांना दिसलें, कीं चार रंग पुरतात. मग कोणत्याहि नकाशास चारच पुरतील काय? त्याच्या भावानें हा प्रश्न आपले गुरु ऑगस्टस डी मॉर्गन यांस विचारला. हे डी मॉर्गन जन्मानें मदुरेचे, सन १८०६ चे. मोठे तर्कशास्त्री, पण त्यांसहि उत्तर सांपडलें नाहीं.

तीन रंग कां पुरत नाहींत, हें आपल्याच देशाचा नकाशा सांगतो. सन २००० मध्यें झालेलें छत्तीसगड राज्य पाहा. त्याच्या भोंवतीं मध्यप्रदेश, महाराष्ट्र, तेलंगण, आंध्रप्रदेश, ओडिशा, झारखंड व उत्तरप्रदेश अशीं सात राज्यें फेर धरून आहेत; प्रत्येक पुढच्याशीं लागून, आणि शेवटचें पहिल्याशीं. फेरांत एकाआड एक दोन रंग देत गेलें, तर सात ही विषम संख्या असल्यामुळें सातव्या राज्याशीं गाडी अडते. तेथें तिसरा रंग येतो. मध्यें बसलेलें छत्तीसगड तर सातांचेंहि शेजारी. त्यास चौथाच रंग पाहिजे.

नकाशाच्या जागीं ठिपके मांडले तरी चालतें. प्रत्येक प्रदेशास एक ठिपका, आणि शेजाऱ्यांमध्यें रेघ. अशा जाळ्यास कमींत कमी जितके रंग लागतात, तिला त्याची रंगसंख्या म्हणूं. शाळेच्या परीक्षेचें वेळापत्रक हेंहि असेंच जाळें. प्रत्येक विषय हा ठिपका. जे दोन विषय एकाच विद्यार्थ्यानें घेतले असतील त्यांमध्यें रेघ. आणि रंग म्हणजे परीक्षेची वेळ. रंगसंख्येहून कमी वेळांत परीक्षा उरकूं गेल्यास कोणातरी मुलास एकाच वेळीं दोन पेपर यावयाचेच.

या विद्येंत एका जाळ्यास आपल्यांतील एका गणितज्ञाचें नांव आहे. प्राध्यापक शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) हे नागपुरास शिकले, अमेरिकेंत राजचंद्र बोस यांच्या हाताखालीं संशोधन करून परतले, व पुढें मुंबई विद्यापीठांत गणित विभागाचे प्रमुख झाले. चौरसांतील अक्षरांच्या मांडणीविषयीं ऑयलरनें १७८२ सालीं केलेलें अनुमान बोस, श्रीखंडे व पार्कर या तिघांनीं १९५९ सालीं खोटें ठरविलें. श्रीखंडे-जाळेंहि त्याच सालचें.

तें अंगणांतील रांगोळीसारखें आहे. चार ओळींत चार चार ठिपके काढावे. प्रत्येक ठिपका उजव्या, डाव्या, वरच्या व खालच्या ठिपक्यास जोडावा. शिवाय एका तिरक्या दिशेनें, म्हणजे उजवीकडे वरच्या आणि डावीकडे खालच्या ठिपक्यास. ओळीचा शेवटचा ठिपका पहिल्याचा शेजारी समजावा, आणि सर्वांत वरची ओळ सर्वांत खालच्या ओळीची शेजारीण. प्रत्येक ठिपक्यास सहा शेजारी होतात, आणि रेघा अठ्ठेचाळीस.

याची रंगसंख्या चार. चार रंग पुरतात हें उघड आहे: एका ओळींत लाल-पिवळा, दुसरींत हिरवा-निळा, पुन्हां तेंच. तीन पुरत नाहींत तें असें. खालच्या ओळींत पहिला लाल व दुसरा पिवळा घ्या. दुसऱ्याच्या माथ्यावरचा ठिपका दोघांसहि लागतो, म्हणून तो हिरवा. त्याच्या उजवीकडचा त्यास व पिवळ्यास लागतो, म्हणून लाल. त्याच्या खालचा मग हिरवाच. असें एकेक पाऊल टाकीत गेलें, कीं खालच्या ओळीचा चौथा ठिपका लाल ठरतो. आणि पहिला लाल तर त्याचा शेजारी! येथें घोडें अडलें. आठवी इयत्तेंतला मुलगाहि हें पाटीवर ताडून पाहूं शकेल.

नकाशांच्या चार रंगांची गोष्ट निराळी. १८७९ सालीं केम्प यांनीं सिद्धता दिली. ती अकरा वर्षें मान्य राहिली. १८९० मध्यें हीवुड यांनीं तींतील छिद्र दाखविलें, आणि पांच रंग खात्रीनें पुरतात एवढें सिद्ध केलें. शेवटीं १९७६ सालीं अमेरिकेंत अॅपेल व हाकेन या दोघांनीं चारांची सिद्धता पुरी केली. पण दीड-दोन हजार आकृत्यांची छाननी त्यांनीं गणकयंत्राकडून करविली, व त्यास हजाराहून अधिक तास लागले. ती सारी हातानें तपासणें कोणा माणसास शक्य नव्हतें.

आतां वाद असा. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द हीं चार प्रमाणें मानतात. गणिताचें वैभव अनुमानांत. यंत्रानें "होय" म्हटलें व आम्ही मान डोलाविली, तर तें अनुमान कीं शब्द? शब्द म्हणावें तर वक्ता आप्त पाहिजे; विषय जाणणारा, आणि खरें सांगण्याची इच्छा असलेला. यंत्रास ना जाणीव, ना इच्छा. आमच्या मतें तें अनुमानच. फक्त पावलें टाकणारे पाय उसने घेतलेले. म्हणून पाय तपासणें हें आपलें कर्तव्य ठरतें. गणितज्ञांनींहि तेंच केलें. १९९७ सालीं दुसऱ्या चौघांनीं नवी सिद्धता छापली, तींत आकृत्या ६३३ वर आल्या. आणि २००५ मध्यें झॉर्झ गोंतिए यांनीं सिद्धतेचें पाऊलन् पाऊल तर्कनियमांप्रमाणें तपासून घेतलें. तपासणारें साधन पुन्हां यंत्रच; परंतु त्याचा गाभा माणसास वाचून पाहतां येईल इतका लहान आहे. केम्पच्या सिद्धतेची कोणीं इतकी परीक्षा केली होती? अकरा वर्षांचा तो विश्वास माणसावर होता, यंत्रावर नव्हे.

हल्लीं घरोघरीं मुलें यंत्रास प्रश्न विचारतात, व आलेलें उत्तर वहींत उतरवितात. त्यांस नुसतें रागें भरून उपयोग नाहीं. "हें तुला कशावरून?" एवढें मात्र दर वेळीं विचारावें. ज्या मुलानें सोळा ठिपक्यांशीं स्वतः झुंज दिली आहे, त्यास तो प्रश्न दुसऱ्यानें विचारावा लागत नाहीं.