माझ्याकडे तर चालतंय!

सबमिशनच्या आदल्या दिवशी प्रत्येक लॅबमध्ये ऐकू येणारं वाक्य म्हणजे "माझ्याकडे तर चालतंय!" पण मित्रहो, वेबसाइट आपल्यासाठी नसतेच, ती दुसऱ्याकडे चालायला हवी.

तेच एचटीएमएल क्रोममध्ये ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको आणि सफारीत वेबकिट इंजिन दाखवतं. आयफोनवरचं क्रोमसुद्धा आतून वेबकिटच! स्टँडर्ड एकच, तरी फॉन्ट, बटणं, तारखेचा रकाना यांत फरक पडतोच. इंटरनेट एक्सप्लोररने तर डेव्हलपरांच्या एका पिढीला रडवलं. जून २०२२ मध्ये तो एकदाचा निवृत्त झाला. याच डोकेदुखीतून पवईच्या आयआयटीत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये मुंबईत 'ब्राउझरस्टॅक' सुरू केली. ज्याचा आपल्याला कंटाळा, त्यावर त्यांनी अख्खी कंपनी उभारली!

मराठी पानाची तर दुप्पट काळजी हवी. 'दुसऱ्या'तला अर्धा र नीट जुळतो का? पानाला मराठीचा भाषा-कोड दिला नाही, तर मराठी वळण येणाऱ्या फॉन्टमध्येही ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात.

तपासायला पैसेही लागत नाहीत. विंगमध्ये एक चक्कर मारा. कोणाकडे आयफोन असतो, कोणाकडे लिनक्सवर फायरफॉक्स, मेसच्या काकांकडे जुना अँड्रॉइड. गॅदरिंगच्या नोंदणीचा फॉर्म तिथे भरून बघा. कारण ज्याचं बटण दाबलं जात नाही, तो तक्रार करायला येत नाही. गुपचूप निघून जातो. नाव मात्र आपल्या यादीतून गळतं.