खलाटी, वलाटी आणि मधला सडा

22 जुलै 2021 रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाडही बुडाले, आणि संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. नंतरचे कित्येक महिने कारणांचा शोध चालू होता. कुणी कोयना धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवले, कुणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतल्या गाळाकडे, कुणी उधाणाच्या भरतीकडे. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, त्यामुळे भरतीचा मुद्दाही चुकीचा नव्हता. चिपळूणकरांनी उपोषणे केली, नदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले आणि ते आवश्यकच होते. पण या सगळ्या चर्चेत कोकण नावाच्या जमिनीच्या घडणीबद्दल फारसे कुणी बोलले नाही. गाळ, धरण आणि भरती यांचा हिशोब मांडताना ज्या जमिनीवर हे तिन्ही एकत्र येतात, तिचे आपण काय करतो आहोत, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यात महाराष्ट्रात सरासरी पन्नासएक किलोमीटरांचे अंतर आहे. काही ठिकाणी ते त्याहूनही कमी भरते. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर रमतगमत बंगालच्या उपसागराला मिळते. तिथेच उगम पावणारी सावित्री शंभरएक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीत शिरते. तेराशे मीटरांहून अधिक उंचीवरून निघालेले तिचे पाणी बहुतेक सगळी उंची पहिल्या थोड्या टप्प्यातच उतरते. त्यापुढे जमीन इतकी सपाट की समुद्राची भरती महाडच्या आसपास येऊन पोचते. 2021 च्या त्या पुराच्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यातला कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस काही तासांत महाडच्या दारात येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही गावे वसली ती नेमकी अशा जागी. घाट उतरून आलेले बैलांचे तांडे आणि खाडीतून वर आलेली गलबते जिथे भेटत, तिथे पेठ उभी राहिली. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि चिपळूणला लागून गोवळकोटचे बंदर. या गावांना पूर नवा नाही. राजापूरची पेठ तर पावसाळ्यात पाण्याशी जुळवून घेतच जगत आली. मात्र पूर येणे वेगळे आणि पुराला पसरायला जागा न मिळणे वेगळे. नदीकाठची भातखाचरे, खाडीलगतची खाजणे, कांदळवने ही पाण्याच्या हक्काची जागा होती. दोन-तीन दिवस पाणी तिथे थांबे आणि ओहोटीबरोबर उतरे. या जमिनींवर आता मातीचे भराव पडले आहेत. रस्त्याचे भराव, रेल्वेचे भराव, प्लॉट पाडण्यासाठीचे भराव. प्रत्येक भराव आपल्यापुरता लहान असतो, त्याला रीतसर परवानगीही असते. पण सगळे मिळून नदीच्या पात्राला दोन्ही बाजूंनी आवळतात. 2021 चा पूर ओसरल्यावर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, तेव्हा विरोध झाला तो रेषेला. आयुष्यभराची कमाई घालून घर बांधलेल्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. तरीही पंचवीस वर्षांत एकदा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी रेषा नकाशावरून सरकवल्याने पाणी सरकत नाही.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला अधिक काळजी वाटते ती वरचा कडा आणि खालच्या पेठा या दोन टोकांच्या मधल्या जमिनीची, म्हणजे सड्यांची आणि समुद्रात घुसलेल्या भूशिरांची.

कोकणात सह्याद्रीच्या पायथ्याकडचा डोंगराळ भाग ती वलाटी आणि किनाऱ्याकडची सखल पट्टी ती खलाटी, अशी जुनी विभागणी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात या दोहोंच्या मधोमध आणि थेट किनाऱ्यापर्यंत जांभ्याची पठारे पसरलेली आहेत. तीच सडे. दोन खाड्यांमधला सडा पश्चिमेला समुद्रात संपतो, तिथे त्याचे भूशिर होते. जयगड, विजयदुर्ग, देवगड, गोव्यातले आग्वाद आणि काब द राम यांचे किल्ले अशाच टोकांवर बांधले गेले. लाखो वर्षे ऊन-पाऊस खाऊन काळ्या दगडातले बरेच काही धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि हा सच्छिद्र तांबडा दगड तयार झाला. वरून तो कठीण दिसतो, पण पाणी आत घेतो. खाली मऊ चिकणमातीचा थर लागतो. तिथे पाणी अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातल्या वाड्या पाहा: त्या बहुधा सड्याच्या माथ्यावर नसतात, त्याच्या कुशीत, झऱ्याच्या पातळीला असतात. खालच्या आगरांतल्या पोफळी, नारळ, विहिरी, पऱ्ये, सगळे त्या वरच्या उजाड दिसणाऱ्या कातळावर अवलंबून.

साधा हिशोब करू. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एक हेक्टर सड्यावर तीन कोटी लिटर पाणी पडते. पाचशे हेक्टरांच्या सड्यावर दीड हजार कोटी लिटर. यातले किती मुरते आणि किती वाहून जाते हे दगडाच्या भेगांवर, गवतावर, जागोजागच्या उथळ डबक्यांवर ठरते. जे मुरते ते दिवाळीनंतर, कधी मार्च-एप्रिलपर्यंत, हळूहळू खाली येत राहते. सड्यावर डांबर, सिमेंट किंवा दाबलेला मुरूम पसरला की हेच पाणी त्याच तासाला उतारावरून खाली धावते, आणि नेमके तेव्हाच खाली नदी फुगलेली असते, खाडीला भरती असते. सड्याने पाण्याला दिलेला उशीर हीच खलाटीची खरी सुरक्षा आहे. हा उशीर नाहीसा झाला की पावसाळ्यात पूर वाढतो आणि उन्हाळ्यात टँकर वाढतात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिलमध्ये टँकर फिरतात, याचे आता कुणाला आश्चर्यही वाटेनासे झाले आहे.

असे असूनही सरकारी कागदांत सड्याची किंमत शून्याच्या आसपास आहे. सातबाऱ्यावर तो बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य असतो. उघडा खडक देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात पडीक म्हणूनच मोजला जातो. भातशेती नाही, दाट जंगल नाही, घरे थोडी. त्यामुळे प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्याला सडा आधी दिसतो. भूशिराजवळचा सडा असेल तर खोल पाणीही हाताशी असते. माडबनच्या सड्यावर सुमारे दहा हजार मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प प्रस्तावित आहे. जयगडला बंदर आणि बाराशे मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प उभा आहे. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी 2023 च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झाले आणि गावकरी कातळावर येऊन बसले. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सड्यावर, गोव्यातला मोपा विमानतळही सड्यावर. या प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलता येईल आणि सगळे एका मापाने तोलणे बरोबर नाही. पण सगळ्यांची जागा एकाच समजुतीने निवडलेली दिसते: इथे काही नाही.

इथे काय आहे, त्याचा पुरावा खुद्द कातळावर कोरलेला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, गेंडे, मासे, मानवाकृती खोदून ठेवल्या. बारसू, उक्षी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी ही कातळशिल्पांची ठिकाणे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. एका खात्याच्या दृष्टीने जागतिक वारसा आणि दुसऱ्याच्या दृष्टीने पडीक, असे एकाच गट क्रमांकाबाबत होऊ शकते.

मोठे प्रकल्प निदान नजरेत येतात, त्यांच्यावर सुनावण्या होतात. जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींचे तसे नाही. एकेक खाण चौकोनी खड्डा पाडत सड्याचा वरचा थर उचलून नेते आणि गावातले कुणी हरकत घेत नाही, कारण खाण गावातल्याच कुणाची तरी असते. त्यात भर ‘सी-व्ह्यू’ प्लॉटांची. भूशिराच्या टोकाला जेसीबी चढतो, कड्यालगत सपाटीकरण होते, आणि समुद्र दिसावा म्हणून झाडी काढली जाते. हापूसच्या बागांसाठीही कातळ सुरुंगाने फोडला जातोच. ती कलमे कोकणाच्या संसाराला आधार देतात म्हणून आपण त्याबद्दल गप्प राहतो. निदान तिथे कातळ सिमेंटखाली जात नाही, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येते.

भूशिराचे आणखी एक काम आहे. पाणी उथळ होत जाते तशा लाटा वळतात आणि त्यांचा जोर टोकांवर एकवटतो. दोन टोकांमधल्या आखातात त्या निवतात आणि वाळू टाकतात. आपण ज्या पुळणींवर सुट्टीला जातो त्या शेजारच्या टोकांनी मार खाल्ल्यामुळे शिल्लक आहेत. टोकाला भिंत घातली, बंदरासाठी बांध पुढे नेला, की वाळूचा प्रवास बदलतो. एकीकडे गाळ साचतो, दुसरीकडे किनारा खचतो. मग खचणाऱ्या जागी दगडांचा बंधारा, आणि बंधाऱ्याच्या टोकापलीकडे पुन्हा धूप. रत्नागिरीच्या मिऱ्यावर राहणाऱ्यांना धूप आणि बंधारा यांच्या या चक्राची वेगळी ओळख करून द्यायला नको.

कायदा यात कुठे आहे? दोन टोकांना. समुद्राच्या बाजूने सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र आहे. भरतीरेषेपासून ठरावीक अंतर मोजून ते नियम लावते, आणि 2019 च्या अधिसूचनेने खाडीकाठचे ते अंतर 100 मीटरवरून 50 मीटरवर आणले. खारफुटी, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा यांना त्यात विशेष संरक्षण आहे. सागरी कडे आणि भूशिरे यांचा तसा उल्लेख नाही. डोंगराच्या बाजूने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न आहे. माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन गटाने 2013 मध्ये तो बराच सौम्य केला, त्यावर 2014 पासून अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले आणि जुलै 2024 मध्ये सहावा मसुदा आला. तो आला केरळातल्या वायनाडच्या दरडींनंतर दुसऱ्या दिवशी. दहा वर्षांत सहा मसुदे ही प्रशासनाची सावधगिरी म्हणायची की आणखी काही, ते वाचकाने ठरवावे. पण उद्या सहावा मसुदा जसाच्या तसा लागू झाला, तरी त्याचा भर घाटाच्या गावांवर राहील. सीआरझेड जिथे संपते आणि घाटाचे क्षेत्र जिथे सुरू होते, त्यांच्यामधला बहुतेक सडा दोन्हींच्या बाहेर आहे. पाणी मात्र माथ्यापासून मुखापर्यंत एकच असते.

दरडींचा धोका असलेल्या गावांच्या याद्या करण्याच्या पद्धतीतही हाच दोष आहे. 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण येथे दरडींनी दीडशेहून अधिक बळी घेतले. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली; ती यादीत नव्हती. दरड गावाचे नाव पाहून येत नाही. पाणी कुठे मुरते, कुठे अडते, उताराचा पायथा कुणी कापला आहे, यावर ती येते. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात महामार्गासाठी डोंगर उभा कापला गेला आणि त्यानंतर पावसाळ्यात तो रस्ता बंद ठेवण्याची वेळ आली. जांभ्याच्या खालची मऊ माती उघडी पडली की असेच होणार, हे कुठल्याही कोकणी विहीर खोदणाऱ्याला माहीत असते.

या सगळ्यावर एक उत्तर नेहमी मिळते: मग कोकणातल्या मुलांनी मुंबईलाच जायचे का? प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्याला कंपन्यांचा हस्तक ठरवून तो सुटत नाही. आंबा, काजू, मासे यांवर आजच्या अपेक्षांचा संसार चालवणे कठीण आहे. पण सड्यावर येणारा प्रकल्प खालच्या वाडीची विहीर आटवणार असेल आणि खाडीकाठच्या पेठेत पाण्याची पातळी वाढवणार असेल, तर त्या नोकऱ्यांच्या हिशोबात ही किंमतही धरली पाहिजे. आज ती धरली जात नाही. परिणामांचा अभ्यास प्रकल्पाच्या कुंपणाभोवती होतो, नदीच्या पूर्ण खोऱ्याचा होत नाही. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, अर्जुना यांच्या खोऱ्यांत आतापर्यंत दिलेल्या सगळ्या परवानग्यांचा एकत्रित भार काय, हे सांगणारा एक कागद जिल्हा प्रशासनाने लोकांसमोर ठेवावा. तोवर नव्या भरावांना आणि सड्यांवरच्या नव्या बिनशेती परवानग्यांना थांबवणे हेच शहाणपणाचे.

गावांनाही काही करता येते आणि त्यासाठी मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याखाली गावाला स्वतःची नोंदवही ठेवता येते. सड्यावरची डबकी, उतारावरचे झरे, प्रत्येक झऱ्यावर अवलंबून असलेल्या विहिरी, हे सगळे त्या वहीत गट क्रमांकासह लिहून ग्रामसभेत मंजूर करून घ्या. पुढच्या वेळी कुणी ‘ही जमीन पडीक आहे’ म्हणत आला, तर निदान कागदाला कागदाने उत्तर देता येईल. आणि मुंबई-पुण्यात बसून गावचा सडा विकायला काढलेल्या चाकरमान्यांनी सही करण्याआधी वाडीत फोन करून आपल्या विहिरीचे पाणी कुठून येते, एवढे विचारून घ्यावे.